बोडसकाकांची ना हरकत

सातासमुद्रापलीकडच्या आमच्या टौरंगा शहरातली मराठी माणसं बोडसकाकांना टरकून असायची, कारण बोडसकाका वाचायचे. पुस्तकं नव्हे; पुस्तकं आम्हीही अधूनमधून चाळतो. काका कागद वाचायचे. बँकेचा, विम्याचा, भाड्याच्या घराचा, मुलांच्या सहलीचा, जिथे म्हणून शहाणा माणूस थेट शेवटच्या पानावर जाऊन सही ठोकतो, तो प्रत्येक कागद काका पहिल्या ओळीपासून वाचायचे, आणि तेही मोठ्याने. एकदा त्यांच्या नव्या फोनने 'अटी मान्य आहेत का' असं विचारलं. काकांनी तीन दिवस अटी वाचल्या आणि चौथ्या दिवशी मुलीला सांगितलं, की मान्य नाहीत. फोन पंधरा दिवस डब्यात पडून होता.

काकांना जाऊन आता वर्ष होईल. ते गेले तेव्हा इथे नव्हते. मुलगी फार्मसिस्ट, घरापासून इस्पितळ दहा मिनिटांवर, हृदयात दोन स्टेंट, आणि तरी हा माणूस शेवटी कुठल्या आडरानात जाऊन बसला, असं इथल्या मराठी मंडळातले लोक अजून म्हणतात. मला ते तिकडे का गेले हे माहीत आहे, कारण बहुतेक वेळा गाडी मी चालवत होतो.

नारायण बोडस म्हणजे भूमी अभिलेख खात्यातले भूकरमापक. बढत्या घेत घेत उपअधीक्षक म्हणून निवृत्त झाले. थोडक्यात, उभा जन्म दुसऱ्यांच्या जमिनी मोजण्यात गेला. बायको गेल्यावर मंजिरीने, म्हणजे त्यांच्या मुलीने, त्यांना इकडे आणलं. तिचं घर आमच्यापासून दोन घरं सोडून. काका आले त्याच आठवड्यात त्यांनी आमची गल्ली पावलांनी मोजून काढली आणि कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्याला, म्हणजे इथल्या किराणा दुकानदाराला, शांतपणे सांगितलं, की तुझं कुंपण हातभर सरकारी जागेत आहे. तेव्हापासून तो बिचारा काका दिसले की आत जाऊन दुधाच्या बाटल्या लावायला लागायचा.

पोशाख ठरलेला. हाफ स्वेटर, कानटोपी, आणि पायात मोज्यांवर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. जँडल्सचा पट्टा अंगठ्याच्या खोबणीत बसावा म्हणून अंगठ्यापाशी फाटलेले मोजे ते टाकून न देता वेगळे ठेवायचे. मंजिरीने चांगले मोजे आणून दिले, तर म्हणाले, "हे अजून कामाचे झाले नाहीत."

दरवर्षी मंडळाचा गणपती काका स्वतः करायचे. कुंभारकामाच्या दुकानातून माती आणायची, गॅरेजमध्ये जावयाची गाडी बाहेर काढायची आणि महिनाभर ती जागा अडवायची. मूर्ती सुरेख व्हायची, पण चेहरा दरवर्षी त्यांच्या खात्यातल्या कुठल्यातरी जमाबंदी आयुक्तांसारखा यायचा. कोणी तसं म्हटलं तर काका मूर्तीकडे नीट बघायचे आणि त्या साहेबांचं नावही सांगायचे.

आता कराराकडे येतो. काकांची नात ईरा सहावीत होती. इथल्या शाळांत वर्षाच्या सुरुवातीला वर्गातली मुलं मिळून वर्गाचा एक करार लिहितात. एकमेकांचं ऐकू, मस्ती कमी करू वगैरे. मग सगळे सह्या करतात आणि तो भिंतीवर लागतो. ईराने घरी येऊन हे कौतुकाने सांगितलं.

"काय काय लिहिलंय त्यात?" काकांनी विचारलं.

"Heaps of stuff, Aajoba."

"हीप्स म्हणजे किती कलमं?"

"I don't know. It's on the wall."

"भिंत कोणाची?"

"Umm... school's?"

"म्हणजे ज्यांच्याशी करार, त्यांच्याच भिंतीवर एकुलती एक प्रत! उद्या बाईंनी एक ओळ खोडली तर तुझ्याकडे पुरावा काय?"

दुसऱ्या दिवशी ईराने तो करार वहीत उतरवून घेतला आणि खाली बाईंची सही मागितली. बाईंनी मंजिरीला फोन केला. फोन तक्रारीचा नव्हता. बाईंना हसू आवरत नव्हतं, आणि हे आजोबा कोण ते त्यांना बघायचं होतं. काका शाळेत गेले आणि येताना या देशाच्या मूळ कराराची एक पुस्तिका घेऊन आले. वाइतांगीचा करार, अठराशे चाळीस. एका बाजूला इंग्लंडची राणी, दुसऱ्या बाजूला माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांचे सरदार.

पुढचे चार दिवस काका फोनवर नव्हते, बागेत नव्हते, टीव्हीपुढे नव्हते. पाचव्या दिवशी संध्याकाळी ते आमच्याकडे चहाला आले. मंडळाचा अध्यक्ष नितीनही बसला होता. नितीन बंदरावर कुठल्यातरी प्रोजेक्टचा मॅनेजर आहे आणि घरातही तसाच वागतो.

"अरे, दोन प्रती आहेत," काका चपला काढता काढताच म्हणाले. "एक इंग्रजी, एक माओरी, आणि दोन्हींत निरनिराळं लिहिलंय! इंग्रजीत म्हणे सरदारांनी सगळी सत्ता राणीला देऊन टाकली. माओरीत म्हणे राणीने कारभार बघावा, पण जमीन, गावं आणि त्यांना जे जे मोलाचं आहे त्यावर सरदारांचाच शब्द चालेल. आणि सह्या कुठे आहेत? बहुतेक सगळ्या माओरी प्रतीवर. मग संपलं की! ज्या प्रतीवर सही, ती प्रत खरी. आमच्या ऑफिसातला शिपाईसुद्धा हे सांगेल. इतकी वर्षं हे लोक कशाचा खल करतायत?"

"काका, पण आपला काय संबंध?" नितीन म्हणाला. "ते गोऱ्यांचं आणि माओरींचं जुनं लफडं आहे. आपण आलो, काम करतो, टॅक्स भरतो. Sweet as, सगळं मस्त!"

"तुला व्हिसा कोणी दिला?"

"सरकारने."

"आणि सरकारला इथे बसायला कोणी दिलं? हाच कागद ना? मग आपण कोण? पोटभाडेकरू! भाडेकरूने मालकाशी केलेला करार न वाचता पोटभाडेकरूने भिंतीत खिळासुद्धा ठोकू नये."

नितीनला हे लागलं. त्याने नुकतंच चार बेडरूमचं घर घेतलं होतं आणि त्यात पुष्कळ खिळे ठोकले होते. त्याने मंडळात काकांचं नाव 'पोटभाडेकरू' असं पाडलं. काकांना ते कळलं तेव्हा ते खूश झाले, निदान शब्द तरी लोकांच्या तोंडी बसला म्हणून.

मग त्यांना कळलं की लायब्ररीत दर मंगळवारी या करारावर नव्या लोकांसाठी वर्ग असतो. मला त्या दिवशी घरून काम असायचं, म्हणून ड्रायव्हरचं काम माझ्याकडे आलं. वर्ग घ्यायच्या आरोहाताई. निवृत्त शिक्षिका, सत्तरीच्या, आवाज असा की मागच्या बाकावरच्या माणसाने आपोआप हाताची घडी घालावी. इथले लोक त्यांना फाएआ म्हणायचे, म्हणजे आपण मोठ्या बाईला मावशी म्हणतो तसं. काकांनी पहिल्या दिवसापासून ताई केलं. ताईंचे पूर्वज याच खाडीच्या काठचे. करार होऊन पंचवीस वर्षं होतात न होतात तोच लढाई झाली आणि त्यांच्या जमिनी सरकारने जप्त केल्या, हे त्यांनी पहिल्याच दिवशी हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं. पुढचं सगळं बोलणं अर्थात इंग्रजीत व्हायचं, मी ते आपल्या भाषेत देतो.

"तुम्ही काय करायचात?" त्यांनी ओळख करून घेताना काकांना विचारलं.

"जमीन मोजायचो. सरकारसाठी."

आरोहाताईंनी चष्म्यावरून बघितलं.

"माझ्या पणजोबांनी तुमच्यासारख्यांच्या खुंट्या उपटून फेकल्या होत्या."

"आमच्याकडेही उपटायचे," काका म्हणाले. "मी परत ठोकायचो."

आरोहाताई इतक्या हसल्या, की लायब्ररीतली बाई बघायला आली. त्या दिवसापासून दोघांचं जमलं. त्या शिकवायच्या, की उशीवर बसू नका, उशी डोक्याची जागा. आडव्या झालेल्या माणसाला ओलांडू नका. जेवायच्या टेबलावर बसू नका. स्वयंपाकघरातली फडकी अंगावरच्या कपड्यांबरोबर धुऊ नका. वर्गातली फिलिपिनो, आयरिश, ब्राझिलियन मंडळी हे लिहून घ्यायची. काका नुसते मान डोलवायचे. गाडीत बसल्यावर म्हणाले, "अरे, हे तर आपलेच लोक! फक्त पाहुण्याला पोटभर जेवायला घालतात, तेवढाच फरक."

मग एका मंगळवारी आरोहाताईंनी मूळ कराराच्या पानाची मोठी छायाप्रत सगळ्यांत फिरवली. कित्येक सरदारांनी सही म्हणून आपल्या चेहऱ्यावरच्या गोंदणातली एखादी वळणदार रेघ काढली आहे. माणूस वेगळा, रेघ वेगळी. काकांनी खिशातलं भिंग काढलं आणि ते पान बराच वेळ सोडलं नाही. शेजारचा आयरिश माणूस हात पुढे करून थकला. आरोहाताई सांगत होत्या, की हा कागद गावोगाव नेला, वाचून दाखवला, तोंडी आश्वासनं दिली आणि सह्या घेतल्या. आश्वासनं देणारे पुढे निघून गेले.

त्या दिवशी घरापाशी आल्यावर काकांनी पट्टा सोडला, पण उतरले नाहीत.

"तुला ती ठाकरवाडीची गोष्ट सांगितलीय ना मी?"

सांगितली होती, आणि एकदा नव्हे. मंडळाच्या प्रत्येक सहलीत ती व्हायची. घाटातल्या एका खोऱ्यात धरण व्हायचं होतं. वाडी उठवायची होती, वरून घाई होती, आणि तरुण बोडस साहेबांनी एका दुपारी अख्खी वाडी 'उरकली' होती. ना हरकत पत्र ऑफिसातच लिहून नेलं होतं, शाईचा पॅड बरोबर होता, आणि चारच्या आत सगळे अंगठे. कलेक्टरांनी पाठ थोपटली होती. गोष्ट रंगवून सांगायचे काका. आम्ही हसायचो.

"त्यात एक राहिलं होतं सांगायचं," काका म्हणाले. "त्यांची देवराई होती वरच्या अंगाला. एक बाई अंगठा लावेना. म्हणाली, देवराईचं काय? मी म्हटलं, पाणी तिथवर येत नाही. मग तिने लावला."

"मग?"

"धरण भरल्यावर पाणी कुठवर चढेल, ती लेव्हल मीच काढली होती. येणार हे मला माहीत होतं."

काका उतरले, दार हलकेच लावलं आणि घरात गेले. ती गोष्ट पुन्हा कुठल्याही सहलीत झाली नाही. नितीनने एकदा आग्रह केला, तर काका म्हणाले, "ती मला पाठ नाही आता."

त्या वर्षीच्या गणेशोत्सवात, विसर्जनाला सात दिवस उरले असताना, खाडीच्या तोंडाशी एक माणूस बुडाला. तरुण होता, मासे धरायला गेला होता. दोन दिवसांनी सापडला. तिथल्या माओरी लोकांनी खाडीवर राहुई घातली. म्हणजे काही दिवस पाण्यात उतरायचं नाही, मासे धरायचे नाहीत, पाण्याला स्वस्थ राहू द्यायचं. आणि आमचं विसर्जन नेमकं त्याच किनाऱ्यावर. कौन्सिलची, म्हणजे इथल्या महापालिकेची, परवानगी तीन महिने आधी घेतलेली, दोनशे लोकांना आमंत्रण, ढोल ऑकलंडहून यायचे होते.

नितीनच्या घरी तातडीची सभा झाली. नितीनने परवानगीचा कागद लॅमिनेट करून आणला होता.

"मी चौकशी केलीय," तो म्हणाला. "राहुई कायद्याने बंधनकारक नाही. आपल्याकडे लेखी परवानगी आहे. पंधरा मिनिटांत उतरू, पंधरा मिनिटांत बाहेर. कोणाला काय त्रास आहे?"

"सुतकही कायद्याने बंधनकारक नाही," काका म्हणाले. "तुझे वडील गेले त्या वर्षी तू दिवाळीत फटाके उडवलेस?"

"काका, तो वैयक्तिक विषय आहे."

"आणि हा कोणाचा आहे? त्यांच्या घरातलं माणूस गेलंय. खाडी त्यांची. परवानगी कोणी दिली? कौन्सिलने. म्हणजे भाडेकरूने. मालकाच्या घरात सुतक असताना आपण भाडेकरूची चिठ्ठी दाखवून त्याच्या विहिरीवर ढोल वाजवायचे?"

सभेत एकदम गलका झाला. कोणी म्हणालं काका बरोबर आहेत, कोणी म्हणालं ढोलवाल्यांना काय सांगायचं, एका वहिनींनी बादलीत विसर्जन सुचवलं आणि त्यांच्याच नवऱ्याने त्यांना गप्प केलं. शेवटी काकांनी हात वर केला.

"मी जाऊन विचारून येतो. आरोहाताई आपल्या ओळखीच्या आहेत. ओळखीतलं काम आहे, होऊन जाईल."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मलाही तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही आरोहाताईंच्या घरी गेलो. तो बुडालेला मुलगा त्यांच्या नात्यातला. तीन दिवसांचे अंत्यविधी उरकून त्या आदल्या संध्याकाळी घरी आल्या होत्या. डोळे सुजलेले होते, पण त्यांनी चहा केला. काकांनी मोदकांचा डबा दिला, चौकशी केली, मुलाचं नाव विचारलं. सगळं नीट चाललं होतं. मग काकांनी पिशवीतून फाइल काढली आणि फाइलमधून दोन कागद.

काकांनी ना हरकत पत्र टाइप करून आणलं होतं! मराठी मंडळाने अमुक दिवशी अमुक ठिकाणी मूर्तिविसर्जन करण्यास खाली सही करणाऱ्यांची व त्यांच्या समाजाची काहीही हरकत नाही. दोन प्रती. एक त्यांना, एक आम्हाला. आणि सही करायच्या जागी पेन्सिलीने लहानशी फुली.

मी चहाच्या कपात बघत बसलो. वर्षभर ज्या माणसाने आम्हा सगळ्यांना त्या करारावरून सोलून काढलं होतं, त्याच माणसाने दुसऱ्याच्या सहीची जागा आधी आखून आणली होती. आणि त्याला ते दिसतही नव्हतं. पस्तीस वर्षांची नोकरी हाताला अशी लागते, की हात आपलं काम करून मोकळा होतो.

आरोहाताईंनी पत्र पूर्ण वाचलं. काकांसारखंच, पहिल्या ओळीपासून.

"हे कोणी लिहिलं?"

"मी."

"कधी?"

"सकाळी."

"आणि मला कधी विचारलंत?"

काकांची नजर पेन्सिलीच्या फुलीवर गेली.

"म्हणजे माझं उत्तर माझ्याआधी तुम्हाला माहीत होतं," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. त्या फार दमल्या होत्या, एवढंच जाणवत होतं.

काकांनी हात पुढे करून दोन्ही कागद परत घेतले. घडी घालायला गेले, पण घडी जुळेना. चेहरा उतरून पार बारीक झाला होता. मला वाटलं, यांना आता काहीतरी होतंय. मग त्यांनी आपल्या त्या कचेरीतल्या जाड इंग्रजीत ठाकरवाडी सांगितली. ही सहलीतली गोष्ट नव्हती. ऑफिसात लिहून नेलेलं पत्र, शाईचा पॅड, ती बाई, देवराई, आणि ती लेव्हल. कुठेही स्वतःला सावरून घेतलं नाही. शेवटी म्हणाले, "ताई, मी हे आधी एकदा केलंय. आज पुन्हा करायला आलो होतो."

खरं सांगतो, मला वाटलं आता आरोहाताई त्यांच्या हातावर हात ठेवतील, दोघं रडतील, आणि मीही थोडा रडून घेईन. तसं काही झालं नाही. त्यांनी किटलीतला उरलेला चहा काकांच्या कपात ओतला.

"हे मला का सांगताय? मी तुमच्या डोंगरातली नाही."

काकांनी कप खाली ठेवला.

"ज्यांचे अंगठे घेतलेत ती माणसं आहेत ना अजून?"

"काही असतील."

"मग?" त्या म्हणाल्या आणि उठून कप विसळायला लागल्या.

निघताना मलाच विचारावं लागलं, कारण नितीनचे एव्हाना सहा मेसेज आले होते. "आणि विसर्जनाचं?"

"पाणी बंद आहे. उघडलं की सांगेन. तुमचा देव इतका घाईत असतो का?"

"देव नाही," काका दारातून म्हणाले, "अध्यक्ष घाईत आहेत."

पुढचं टौरंगात सगळ्यांना माहीत आहे. हॉलचं बुकिंग चतुर्दशीला सकाळी संपलं आणि मूर्ती काकांच्या गॅरेजमध्ये आली. काकांनी शटर खाली ओढलं आणि कुलूप लावलं. नितीन लॅमिनेट केलेला कागद घेऊन आला, तर काका म्हणाले, "परवानगी तुझ्याकडे आहे. तू उतर पाण्यात. गणपती माझ्याकडे आहे, तो थांबेल." उत्तरपूजा केलीच नाही म्हणजे देव अजून मुक्कामाला आहेत, असा शास्त्रार्थही त्यांनी पुण्याच्या एका गुरुजींना फोन करून मिळवला. ऑकलंडचे ढोलवाले येऊन गॅरेजपुढे वाजवून गेले. पुढचे नऊ दिवस लॉनमोअर आणि रंगाचे डबे यांच्यामध्ये बसलेल्या त्या जमाबंदी आयुक्तांची रोज दोन वेळा आरती झाली, आणि गंमत म्हणजे हॉलपेक्षा जास्त माणसं आली. नितीन तिसऱ्या दिवसापासून यायला लागला.

दहाव्या दिवशी आरोहाताईंचा फोन आला. राहुई पहाटे प्रार्थना करून उठवणार होत्या, तुम्हीही या म्हणाल्या. थंडी कडक होती. आम्ही तीसेक जण जॅकेटं घालून किनाऱ्यावर उभे राहिलो. त्यांची प्रार्थना झाली, मग आमची आरती. त्या मुलाची आई तिथे होती. काकांनी आरतीचं तबक सगळ्यांत आधी तिच्यापुढे धरलं. तिला काय करायचं ते माहीत नव्हतं. काकांनी तिला हात ज्योतीवरून फिरवून चेहऱ्याला लावून दाखवला आणि तिने तसं केलं. मूर्ती पाण्यात नेली ती नितीनने. मला त्या वेळी भरून आलं आणि ते मी लपवलंही नाही.

आठ दिवसांनी काकांनी जाहीर केलं, की मोतीबिंदू काढायला पुण्याला जातो.

"बाबा, इथे काय डोळे काढत नाहीत का?" मंजिरी म्हणाली. "मी फार्मसीत आहे, मला तरी थापा मारू नका. डॉक्टरांनी लांबचा प्रवास नको म्हटलंय, माहितीय ना? तिकडे काही झालं तर मी काय करू?"

"एक मोजणी चुकीची झालीय, मंजू. दुरुस्त करायला मीच लागतो. दुसऱ्याला ते टिपण कळायचं नाही."

ती भांडली, रडली, माझ्याकडून बोलून बघितलं. मीही सांगून पाहिलं, की काका, फोनवरून नाही का होणार? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी गाडीची किल्ली घेतली. विमानतळावर त्यांनी फॉर्म वाचायला घेतला तेव्हा मागे रांग लागली. मंजिरी त्यांच्याशी अबोला धरूनच परत आली, आणि गाडीत बसल्यावर म्हणाली, की बरोबरच आहे त्यांचं, म्हणून तर जास्त राग येतो.

पुण्यात त्यांच्याच जुन्या कचेरीने त्यांना त्या ना हरकत पत्राच्या साक्षांकित प्रतीसाठी पाच खेपा घालायला लावल्या. ज्या कारकुनाला काकांनी कामाला लावलं होतं, तो आता तिथे साहेब होता आणि त्याने यांना बाहेरच्या बाकावर बसवलं. काकांनी हे फोनवर हसत सांगितलं. मग प्रत मिळाली आणि ते धरणाखालच्या माळावर, वाडीला जिथे नेऊन टाकलं होतं, तिथे गेले.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते मंजिरीच्या स्वयंपाकघरात, तिच्या फोनवर. आमच्याकडे संध्याकाळ होती, तिकडे दुपार. काका शाळेच्या ओट्यावर बसले होते, मांडीवर फाइल, डोक्याला रुमाल. बारीक झाले होते.

"बाबा, जेवलात का? गोळ्या?"

"सगळं झालं. गोळ्या भाकरीच्या घासाबरोबर घेतल्या, पाणी जरा लांब आहे."

"लोक काय म्हणाले, काका?" मी विचारलं.

"अजून काही नाही. आज चौथा दिवस. आधी म्हणाले, कापणी चालू आहे, उद्या या. मग म्हणाले, वाडीतली जाणती म्हातारी बाजाराला गेलीय, उद्या या. आज बघू."

"चार दिवस नुसतं बसवून ठेवलंय?" मंजिरी उसळली.

"त्यांचं बरोबर आहे गं. मला घाई नाही."

तेवढ्यात मागून कोणीतरी हाक मारली. "ओ साहेब, आलेत सगळे. बोला काय ते." काका लगबगीने उठले. फोन त्यांच्या हातातून ओट्यावर उताणा पडला, पण बंद झाला नाही. आम्हाला नुसतं पांढरं आभाळ आणि पत्र्याची एक कड दिसत होती. खूप पावलांचा आवाज आला, मग माणसं बसल्याचा. मंजिरीने माझं मनगट घट्ट धरलं.

मग काकांचा आवाज आला. एरवी कागद ठणठणीत वाचणारा माणूस, पण आवाज फुटत नव्हता. "माझं नाव नारायण बोडस. त्या दिवशी तुमचे अंगठे घेतले तो कागद मी लिहिला होता. देवराईला पाणी लागणार नाही असं सांगितलं, ते मला माहीत असून..."

"मोठ्याने बोला," एक म्हातारी बाई म्हणाली. "मागच्यांना ऐकू येत नाही."

काका थांबले, खाकरले, आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.